बॉन शहरातला १ जून

जर्मनीच्या नकाशावर पश्चिमेच्या अंगाला राईन नदी सापडते. तिच्यावर बोट ठेवून कोलोन शहरापासून थोडे दक्षिणेला सरकले की बॉन लागते. शहर फार मोठे नाही. वस्ती सव्वातीन लाखांच्या घरात, म्हणजे आमच्या परभणीएवढेच म्हणा ना. पण दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले, तेव्हा १९४९ साली पश्चिम जर्मनीचा कारभार याच गावातून सुरू झाला. दोन्ही जर्मनी १९९० साली एक झाले आणि १९९९ साली संसद बर्लिनला गेली. राजधानी गेली तरी गावाचा रुबाब गेला नाही. संयुक्त राष्ट्रांची कार्यालये इथे आहेत, नदीकाठी सायकलींची वर्दळ आहे, आणि एप्रिल महिन्यात जुन्या वस्तीतल्या दोन-तीन गल्ल्या चेरीच्या फुलांनी अशा गुलाबी होतात की लोक लांबून पाहायला येतात. मी ऑक्टोबर २०२४ पासून इथल्या विद्यापीठात शिकते आहे.

या गावाचा सर्वात मोठा सुपुत्र म्हणजे संगीतकार बीथोव्हन. त्याचे जन्मघर बॉनगासे नावाच्या गल्लीत आहे आणि तिथे आज संग्रहालय आहे. मोठ्या चौकात त्याचा पुतळा उभा आहे. तो १८४५ साली बसवला. अनावरणाला प्रशियाचा राजा आणि इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया सज्जात येऊन बसले होते. पडदा सरकला आणि पाहतात तर पुतळ्याची पाठ राजाराणीकडे! हा किस्सा बॉनचे लोक अजून चवीने सांगतात. मला स्वतःला त्या पुतळ्याबद्दल आपुलकी वाटली ती तिथपासून.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट वेगळी. ज्या माणसाच्या नावाने हे गाव ओळखले जाते, त्याचा जन्मदिवस कोणालाच नक्की ठाऊक नाही. चर्चच्या वहीत नोंद आहे ती १७ डिसेंबर १७७० या दिवशी झालेल्या बाप्तिस्म्याची. तेव्हा मूल जन्मले की लगेच बाप्तिस्मा करीत, म्हणून जन्म १६ तारखेचा असावा असे धरतात. धरतात, एवढेच. शिवाय १७७८ साली कोलोनला त्याचा पहिला जलसा झाला, तेव्हा त्याच्या वडिलांनी जाहिरातीत सात वर्षांच्या मुलाचे वय सहा लिहिले. मूल जितके लहान तितके कौतुक जास्त, हा हिशेब. पुढे बीथोव्हन मोठेपणीही आपण दोन वर्षांनी लहान आहोत असेच समजत असे. तरीही त्याची अडीचशेवी जयंती या देशाने मोठ्या थाटात करायचे ठरवले होते. २०२० च्या कोरोनाने ती पुढच्या वर्षापर्यंत लांबली, हे वेगळे.

संग्रहालयात ही हकीकत समजली आणि मला हसू आले. कारण बीथोव्हनच्या बापाने वय कमी केले, आणि आमच्याकडे गुरुजींनी वाढवले.

वाचकांपैकी कितीजणांच्या घरी १ जून आहे? हात वर करायला सांगितले तर निम्मी वस्ती हात वर करील. आमच्या घरात माझे बाबा १ जून, मोठे काका १ जून, मामा १ जून, आणि मीही १ जून. शाळा जूनमध्ये उघडे. पोराला घेऊन माय शाळेत जाई. गुरुजी विचारत, "जन्म कधीचा?" माय सांगे, "मोठा पूर आला त्याच्या आदल्या साली." गुरुजींना तर पहिलीला वय पुरे झालेले दाखवायचे असे. मग ते बोटांवर मोजून साल काढीत आणि पुढे १ जून लिहून मोकळे होत. जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा कायदा १९६९ सालचा आहे, पण कायदा तांड्या-वस्त्यांपर्यंत पोहोचायला वर्षे लागली. माझा जन्म आजोळी, दाईच्या हातून. आई सांगते, "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, दिवस उगवायच्या आत." ग्रामपंचायतीत नोंद करायची राहून गेली. २००५ च्या जून महिन्यात शाळेत नाव घातले आणि माझी जन्मतारीख झाली १ जून १९९९. जुने पंचांग काढून खरी तारीख शोधता येईल, पण मी ती शोधलेली नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर, पासपोर्टावर, व्हिसावर, सगळीकडे १ जूनच आहे.

भारतात असताना हा दिवस कधी साजरा झाला नाही. आमच्या घरी वाढदिवस म्हटला की १४ एप्रिल. त्या दिवशी नवे कपडे, गोडधोड, मिरवणूक. १ जूनला काय, तर बाबा म्हणायचे, "आज आपला सगळ्यांचा गुरुजींनी दिलेला वाढदिवस," आणि आई चहात साखर जास्त टाकायची.

इथे आल्यावर मात्र या तारखेने माझा पिच्छाच पुरवला. जर्मनीत राहायला आलेल्या प्रत्येकाला नगरपालिकेत जाऊन आपला पत्ता नोंदवावा लागतो. तिथे जन्मतारीख विचारतात. आरोग्य विमा काढा, जन्मतारीख. बँकेत जा, जन्मतारीख. ग्रंथालयाचे कार्ड काढा, जन्मतारीख. माणसाला नाव असते तशीच तारीख असते, असा या लोकांचा ठाम समज. मी शनिवारी एका बेकरीत काम करते. तिथल्या भिंतीवर सगळ्या कामगारांच्या वाढदिवसांचा तक्ता लावलेला आहे. पहिल्याच आठवड्यात माझे नाव त्यात चढले.

तिथल्या वयस्कर बाईंनी मला इथल्या रीती समजावून सांगितल्या. पहिली रीत : ज्याचा वाढदिवस, त्यानेच केक आणायचा. इतरांनी आणायचा नाही. कचेरी असो, वर्ग असो, कारखाना असो, उत्सवमूर्तीने स्वतः सगळ्यांना खाऊ घालायचे. मला हे फार आवडले. ज्याच्या घरी आनंद, त्याने चार माणसांच्या तोंडात घास घालावा, ही तर आपलीच चाल. दुसरी रीत : दिवस उजाडण्याआधी शुभेच्छा द्यायच्या नाहीत. आदल्या दिवशी कोणी चुकून अभिनंदन केले तर लोक दचकतात, अपशकुन मानतात. एवढा शिकलेला, यंत्रे बनवणारा देश, पण या एका बाबतीत आपल्या आजीबाईंच्या वरताण! शकुन-अपशकुन आपण मानत नाही, हे मी बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "मीही मानत नाही. पण आधी सांगायचे नाही." आणि तिसरी गोष्ट रीत नव्हे, एक शब्द. ज्याचा वाढदिवस असेल त्याला जर्मन भाषेत 'वाढदिवसाचे मूल' म्हणतात. माणूस ऐंशी वर्षांचा असला तरी त्या दिवशी तो मूलच.

आता थोडे खर्चाचे, कारण आपल्या घरांत पहिला प्रश्न तोच असतो. इथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बॉनला दर सहा महिन्यांना तीनशे युरोंच्या आसपास वर्गणी भरावी लागते आणि त्यातच प्रवासाचा पास येतो. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या एका राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेतात, तेव्हा गाव निवडताना पाहून निवडावे. खरी अडचण दुसरीच आहे. व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधी एका बंद खात्यात ठेवून दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये ती ११,९०४ युरो झाली, म्हणजे तेव्हाच्या भावाने अकरा लाख रुपयांच्या घरात. त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येत. विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा आहे आणि २०२५ साली तासाची किमान मजुरी १२ युरो ८२ सेंट होती. त्यावर दूध-भाकरी निघते. पण ते सुरुवातीचे अकरा लाख आणायचे कोठून? आमच्या घरी ते बाबांच्या भविष्य निर्वाह निधीतून आणि बँकेच्या कर्जातून आले.

बाबा पाटबंधारे खात्यात होते, वर्ग चार. कालव्याची गाळ-माती काढण्यापासून रात्रीच्या पहाऱ्यापर्यंत सगळी कामे त्यांनी केली. कागदावर त्यांचा जन्म १ जून १९६५ चा. आता सरकारी नियम असा आहे की साठ वर्षे पुरी होतील त्या महिन्याअखेर वर्ग चारचा माणूस निवृत्त होतो, पण जन्म महिन्याच्या एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच घरी जातो. म्हणून महाराष्ट्रात दरवर्षी ३१ मे रोजी कचेऱ्याच्या कचेऱ्या रिकाम्या होतात. गुरुजींनी शाळेच्या पहिल्या दिवशी जे लिहिले, ते नोकरीच्या शेवटच्या दिवशी असे वसूल होते. बाबांची निवृत्ती आली ३१ मे २०२५. त्या दिवशी शनिवार, कचेरीला सुटी, म्हणून शाल-श्रीफळाचा कार्यक्रम शुक्रवारीच उरकला. त्यांच्याबरोबर आणखी तिघे होते. चौघेही १ जूनचे.

आणि माझी आजी असेतो एकच सांगत राहिली : "बहात्तरच्या दुष्काळात ह्याचा दुधाचा एक दात पडला नव्हता. मी खडी फोडायची अन् हा बांधावर बसून सुकडी खायचा." दुधाचा दातही न पडलेले पोर त्या वेळी सात वर्षांचे नसणार, पाच वर्षांचे असणार. म्हणजे बाबांची दोन वर्षांची नोकरी कागदानेच गिळली. दोन वर्षे अजून मिळाली असती तर माझ्या शिक्षणाचे कर्ज बऱ्यापैकी नोकरीतच फिटले असते. हे मला इथे, परदेशात, रात्री हिशेब मांडताना पुन्हा पुन्हा आठवत असे. १ जून जवळ येऊ लागला तसा तर जास्तच. बेकरीतल्या तक्त्यावर लिहिलेली तारीख पाहिली की वाटे, ही आपली तारीख आहे की आपल्या घराला लागलेला दंड?

मे महिन्यातल्या त्या दिवसांत मी विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसमोरच्या हिरवळीवर बऱ्याचदा जाऊन बसे. तिला होफगार्टन म्हणतात. पिवळ्या रंगाचा लांबच लांब राजवाडा आहे, पूर्वी तो इथल्या संस्थानिकाचा होता. १८१८ साली विद्यापीठ स्थापन झाले आणि राजाच्या घरात विद्यार्थी शिरले. याच विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२१ साली, एप्रिलच्या अखेरीस, अर्थशास्त्राच्या अभ्यासासाठी नाव नोंदवले होते. त्यांचा तिसावा वाढदिवस होऊन तेव्हा पंधरा दिवसच झाले होते. लंडनच्या पदव्यांचे काम हाती होते, बॅरिस्टरीचा अभ्यास चालू होता, आणि तरी त्यांना जर्मनही हवी होती, बॉनही हवे होते. लंडनच्या कामामुळे इथला अभ्यास पुरा झाला नाही. पण त्यांच्या नोंदणीचे कागद विद्यापीठाने जपून ठेवले आहेत. तो तिसावा वाढदिवस बाबासाहेबांनी कसा घालवला असेल, असा विचार त्या हिरवळीवर माझ्या मनात येई. पैशाची ओढाताण होती, रमाई मुंबईत होत्या. मला वाटते, ते त्या दिवशीही वाचतच बसले असतील.

असो. ३१ मेची संध्याकाळ उजाडली म्हणायची, कारण उन्हाळ्यात इथे साडेनऊनंतर सूर्य मावळतो. उन्हाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्या मागे साडेतीन तास असते. आपल्याकडे रात्रीचे बारा वाजले तेव्हा इथे साडेआठ झाले होते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन आत येत होते. आमच्या वसतिगृहात आठ जणांत एक स्वयंपाकघर आहे. मी दुसऱ्या दिवसाच्या तयारीत होते. रविवारी इथे दुकाने बंद असतात, म्हणून सगळे सामान शनिवारीच आणून ठेवावे लागते. तेवढ्यात व्हिडिओवर घरचा फोन आला. पडद्यावर आई, बाबा, भाऊ-वहिनी, मांडीवर पेंगणारा भाचा. सगळे एकदम ओरडले, "वाढदिवसाच्या शुभेच्छा!" माझ्या शेजारी उभी असलेली जर्मन मैत्रीण घड्याळाकडे पाहून दोन्ही हात हलवू लागली. तिच्या मते अजून साडेतीन तास अवकाश होता! मी बाबांना कारण सांगितले. ते हसले आणि म्हणाले, "नियमाचे पक्के हायेत. हे लोक आपल्या खात्यात पाहिजे होते."

मग त्यांनी विचारले, "बाई, तिथं अजून ऊन हाये का?" मी फोन खिडकीकडे वळवला. त्यांनी बराच वेळ ते ऊन पाहिले. रात्री बारा वाजता ऊन! निवृत्तीचा पहिला दिवस त्यांचा सुरू झाला होता आणि माझा शनिवार अजून संपला नव्हता.

मी धीर करून विचारले, "बाबा, ती दोन वर्षं गेली त्याचं वाईट वाटतं का?"

ते लगेच बोलले नाहीत. आईनेच उत्तर दिले, "वाटतंय की. कालपासून दोनदा बोलून दाखवलं." बाबा म्हणाले, "वाटत न्हाई असं कसं म्हनू? पैशाचं वाटतं. कर्ज हाये. पन तवा गुरुजींनी वय नसतं वाढवलं तर नाव लागायला अजून साल गेलं असतं, अन् दुष्काळात मी खडीवर गेलो असतो. एकदा खडीवर गेलेलं पोर शाळेत येत न्हाई. माझ्या बरोबरीची चार न्हाई आली." थोडे थांबून म्हणाले, "ते जाऊ दे. उद्या तिथं काय करनार?"

"शिरा करणार," मी सांगितले.

आणि खरोखर शिराच केला. परदेशी जाणाऱ्या मुलामुलींच्या आयांनी हे लक्षात ठेवावे : रवा भारतीय दुकानात शोधायची गरज नाही. जर्मन लोक त्याला 'ग्रीस' म्हणतात आणि दुधात शिजवून त्याची खीर करतात, त्यामुळे तो कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतो. तुपाच्या ऐवजी 'बुटरश्माल्त्स' नावाचे लोणी कढवलेले असते, ते म्हणजे जवळजवळ आपले तूपच. वेलदोडा मात्र आईने डब्यात बांधून दिलेला होता. जून हा इथे स्ट्रॉबेरीचा हंगाम, रस्त्याच्या कडेला शेतकऱ्यांच्या टपऱ्या लागतात. केळ्याऐवजी त्याच घातल्या. शिरा गुलाबी झाला. आईला फोटो पाठवला तर तिने लिहिले, "करपला का?"

रविवारी दुपारी चार वाजता, म्हणजे इथल्या कॉफी-केकच्या वेळेला, नऊ-दहा जण जमले. बेकरीतल्या बाई बसने आल्या. जर्मन मैत्रिणीने मध्यरात्री बाराच्या ठोक्याला दार वाजवून शुभेच्छा दिल्याच होत्या, पण पुन्हा दिल्या. रविवार असल्याने मोठ्याने गाणी लावता येत नाहीत, शेजारी तक्रार करतात, म्हणून सगळ्यांनी हळू आवाजात गाणे म्हटले. मेणबत्त्या शिऱ्यात उभ्या राहिनात. कोणीतरी बशीत वितळवून चिकटवल्या. विझवल्या नाहीत, तशाच जळू दिल्या, कारण दिवा विझवणे बाबांना आवडत नाही. शिरा दोनदा वाढला आणि पातेले रिकामे झाले.

बोलता बोलता मी माझ्या तारखेची खरी गोष्ट सांगितली. जर्मन मंडळी चमकली. जन्मतारीख माहीत नाही म्हणजे काय? बाईंनी तर विचारले, "मग तुझे खरे वय किती?" त्यांना समजावता समजावता माझी भाषा कमी पडू लागली, तेव्हा कोपऱ्यात बसलेला आमच्याच मजल्यावरचा एक अफगाण मुलगा बोलला. तो लहानपणी आईवडिलांबरोबर निर्वासित म्हणून आला होता. जर्मन तो त्यांच्यासारखीच बोलतो. तो म्हणाला, "माझी तारीख १ जानेवारी. माझ्या वडिलांची १ जानेवारी. आम्ही आलो त्या छावणीत ज्यांच्याजवळ कागद नव्हता, त्या सगळ्यांची १ जानेवारी." साहेबाला रकाना भरायचा होता, त्याने वर्षाचा पहिला दिवस लिहिला. आमच्या गुरुजींनी शाळेचा पहिला महिना लिहिला. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून इतके हसलो की बाकीच्यांना कारण कळेना.

त्याला मी विचारले, "तुझी आई काय सांगते?" तो म्हणाला, "बर्फ वितळत होते, एवढेच."

लेकरांच्या जन्माची नोंद वेळेवर करा, हे या पानातून वाचकांना पुष्कळदा सांगितले गेले असेल. आता तर १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टापर्यंत जन्माचा दाखला हाच पुरावा धरला आहे, तेव्हा हयगय करून चालणार नाही. माझ्या भाच्याची नोंद बाबांनी आठ दिवसांच्या आत स्वतः जाऊन केली. दाखल्याच्या दोन प्रती काढून एक देवळीत बुद्धमूर्तीजवळ ठेवली आहे.

१ जानेवारी २०२६ रोजी त्या अफगाण मुलाने आम्हा सर्वांना जेवायला बोलावले. इथल्या रीतीप्रमाणे त्यानेच रांधले : गाजर आणि मनुके घातलेला पुलाव, एवढा मोठा टोप की दोघांनी उचलून आणला. बाहेर रस्त्यावर आदल्या रात्रीच्या फटाक्यांचा कचरा पडला होता. मी त्याला सांगितले की तुझ्या साहेबाने तुला साधासुधा दिवस दिलेला नाही. त्या दिवशी आमचे लाखो लोक भीमा कोरेगावच्या विजयस्तंभाला मानवंदना द्यायला जातात, १ जानेवारी १८१८ च्या लढाईची आठवण म्हणून. त्याने फोनवर स्तंभाचे चित्र शोधून काढले आणि आपल्या वडिलांना पाठवले. मग माझ्या ताटात आणखी पुलाव वाढला.